अर्ध्या काचेइतकं पाणी

लाइनीवरच्या माणसांची बोली निराळी असते. ज्या इंजिनात आग नाही त्याला ती मुर्दा म्हणतात. त्यात शिवी नाही, अपशकुन नाही. मुर्दा म्हणजे स्वतःच्या बळावर न हलणारं, दुसऱ्यानं ओढून न्यायचं इंजिन, एवढंच. पुंजाजीची जवानी लाइनीवर फावड्यानं कोळसा मारण्यात गेली होती. कारंज्याच्या कापसाच्या जिनाच्या फाटकाशी उभं इंजिन पाहून रंगूबाईनं त्याला पहिल्याच हंगामात विचारलं, "भाऊ, हे चालत नाई काय?" तेव्हा हातातलं फडकं न थांबवता तो बोलून गेला, "नाई. मुर्दा हाय थे."

रंगूबाई म्हणजे रेच्यांवर, सरकी काढायच्या यंत्रांवर, कापूस घालणाऱ्या बायांची मुकादमीण. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. तिच्या मागोमाग तो शब्दही आत गेला.

इंजिन अंगानं लहान होतं. मूर्तिजापुराकडून यवतमाळला जाणारे अरुंद रूळ टाकताना ठेकेदारानं ते माती-खडीच्या डब्यांना जुंपलं होतं. लोक त्याला ठेंगू म्हणत. काम संपल्यावर ठेकेदारानं ते विकायला काढलं, आणि कस्तुरचंद शेटजींच्या वडिलांनी त्याच्यावर जिन चालवावं म्हणून घेतलं. रेचे ओढायला ठेंगूचा दम पुरेना. मग फाटकाच्या उजव्या अंगाला काळ्या दगडाचा ओटा बांधला, वर दोन रूळ टाकले, रुळांवर ठेंगूला चढवलं आणि डोक्यावर टिनाचं छप्पर घातलं. इंझोरीच्या, आसेगावच्या कापसाच्या गाड्या ते पाहायला थांबायच्या. बैल सुटले की माणसं कापूसही तिथंच घालायची. शेटजी म्हणायचे, "हा आपला दलाल हाय. खात नाई, पित नाई, बोलत नाई."

पित नाही हे मात्र खरं नव्हतं.

ठेंगूसोबत पुंजाजी आला होता. त्याच इंजिनावर तो दौलतराव ड्रायव्हरच्या हाताखाली शिकला. दौलतराव तापाच्या साथीत गेला, ठेकेदार दुसऱ्या मुलखात गेला, आणि ठेंगूच्या अंगाची माहिती असलेला पुंजाजी एकटा उरला. शेटजींनी त्याला फाटकावर ठेवला, तो ठेंगूसाठी.

उभं इंजिन सांभाळणं हे लोकांना काम वाटत नसे. "पुंजाजीचं बरं हाय बाप्पा, दिवसभर लोखंड कुरवाळते," असं गाडीवाले बोलत. पण चालत्या इंजिनाला धरायला गंजाला सवड मिळत नाही, आणि उभ्या इंजिनाशी गंजाला दुसरा धंदा नसतो. पुंजाजी सकाळी आधी कोरडं फडकं फिरवी. ओलं आधी फिरवलं तर धुळीचा चिखल होतो आणि लोखंडाला चरे पडतात. मग जवसाचं तेल लावी, तेही पातळ, फडक्यात तेल आहे की नाही अशी शंका यावी इतकं. जाड लावलं की ते चिकट होतं आणि जिनातून उडणारी रुई त्याच्यावर बसते. हंगामात ठेंगूला रोज पांढरी दाढी यायची. ती झाडून जात नाही, वेचावी लागते, कारण रुईचा एक तंतू सकाळचं दव दुपारपर्यंत धरून ठेवतो आणि त्याच्याखाली तांबडा ठिपका पडतो. चाकांच्या दांड्यांना खरं तर चरबी लागते. पुंजाजीनं एकदा मागितली. शेटजी जैन. "चरबी फाटकाच्या आत येनार नाई, पुंजाजी. दुसरं काय लावता येते थे लाव," ते म्हणाले. तेव्हापासून तो एरंडेल लावायचा आणि चरबी टिकते त्याच्या निम्म्या वेळात पुन्हा लावायचा.

दर अमावस्येला तो चाकाखाली पहार घालून इंजिन वीतभर सरकवी, म्हणजे सगळं वजन एकाच जागेवर राहत नाही. एकट्यानं हे करताना नुसतं बळ लावून उपयोग नसतो. पहारेवर अंग टाकायचं, श्वास सोडायचा आणि तसंच थांबायचं. हिसका दिला की पहार सुटते आणि गुडघा फुटतो.

आणि तो ठेंगूला पाणी द्यायचा. दौलतराव त्याला पहिल्या दिवशी म्हणाला होता, "आग गेली तं पुन्हा पेटवता येते. पानी गेलं तं तू बी गेला अन् मी बी गेलो. काचेत अर्ध्याच्या खाली पानी दिसलं नाई पाह्यजे." बॉयलरच्या तोंडाशी एक उभी काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. कोळसा मारणाऱ्याची एक नजर आगीवर आणि दुसरी त्या काचेवर. ही नजर पुंजाजीच्या अंगात इतकी मुरली होती की आग कायमची विझल्यावरही ती काचेवरून निघाली नाही. पाणी हळूहळू आटायचं, कुठंतरी झिरपायचं. तो विहिरीवरून कावड आणून भर घालायचा. विहिरीचं पाणी मचूळ होतं. काच भरायचीही नाही, रिकामीही ठेवायची नाही, बरोबर अर्धी. वर्षानुवर्षं ती अर्धीच राहिली.

लढाई सुरू झाल्यावर लोखंडाला भाव चढला. अकोल्याचा भंगारवाला फाटकाशी येऊन ठेंगूकडे दोनदा पाहून गेला. शेटजींनी दोन्ही वेळा त्याला चहा पाजून परत पाठवला.

त्या साली मार्गशीर्षात रंगूबाईच्या सुनेचा, तुळसाबाईचा पदर रेच्याच्या पट्ट्यात गेला. पदरामागं हात गेला. पट्टा थांबवला तोवर दोन बोटं गेली होती. तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, जमीन धुतली आणि दुपारून रेचे पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या दिवशी एकही बाई आत गेली नाही. सगळ्या फाटकाबाहेर भुईवर बसल्या.

शेटजी स्वतः बाहेर आले. म्हणाले, "रंगूबाई, दवादारूचं मी पाहून राह्यलो. बाया काहून बसल्या?"

"घरात मुर्दा असला का चूल पेटते काय, शेटजी?" रंगूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "शेजाऱ्याची बी पेटत नाई. तुमी फाटकात मुर्दा ठेवला अन् आत भट्टी पेटवली. मंग बोटं नाई जाईन तं काय होईन?"

"अवं, लोखंड हाय थे."

"आमी नाई म्हनलं मुर्दा. तुमच्याच मानसानं म्हनलं. विचारा त्याले."

सगळ्यांनी ओट्याकडे पाहिलं. पुंजाजी फडकं घेऊन उभा होता. त्याला वाटलं, अर्थ सांगितला की गोष्ट मिटेल.

"लाइनीवर तसं बोलतेत, बाई," तो म्हणाला. "आग नसली का मुर्दा, आग घातली का जित्तं. त्याच्यात दुसरं काई नाई."

"मंग घाला आग," रंगूबाई म्हणाली. "जित्तं करून दाखवा. शिटी आयकू द्या आमाले. शिटी वाजली का आमी रेच्यावर. नाई तं उचला त्याले इथून."

बायांनी माना हलवल्या. एवढ्या वर्षांत कोणी ठेंगूविषयी तक्रार केली नव्हती. पण येता-जाता त्याच्याजवळून जाताना पदर सावरून घ्यायची सवय त्या सगळ्यांना होती, हे पुंजाजीला आत्ता आठवलं. तो ती लाज समजत आला होता.

शेटजींनी त्याला बाजूला घेतलं. आवारात कापसाचे ढीग पडले होते, आणि कापसाच्या ढिगाशेजारी जिनवाल्याला झोप येत नाही. "पुंजाजी, तू आजवर जे मांगितलं थे मी देल्लं. चरबी सोडून," ते म्हणाले. "सोमवारी पेटव. गाडीवाले बी पाहतीन, बाया बी येतीन. नाई पेटलं तं मंगळवारी अकोल्याचा मानूस येते. मले बी दुसरा रस्ता नाई."

पुंजाजी लगेच कामाला लागला. मनातून तो खूशही झाला होता. ठेंगूची शिटी त्यानं इतक्या वर्षांत फक्त पुसली होती.

मदतीला जिनाच्या वाफेच्या भट्टीवरचा फुलसिंग आला. तो तांड्यावरचा, हातानं बळकट आणि तोंडानं मोकळा. दोघांनी बॉयलरवरचा पत्रा काढला. बोल्ट तेलातले होते, एकही तुटला नाही. आतलं लोखंड वरून काळं आणि सुकं होतं. मग पुंजाजीनं खालचा नळ सोडला. पाणी काढ्यासारखं तांबडं आलं आणि शेवटी शेवटी दाट झालं.

"चहा झाला याचा," फुलसिंग म्हणाला.

पुंजाजी हसला नाही. बाजूची झाकणी काढून त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला. वर पाणी कधी पोचलं नव्हतं, तिथं पत्रा गुळगुळीत होता. खाली पाण्यात बुडालेला पत्राही हाताला बरा लागला. मधे, जिथं पाण्याची रेघ वर्षानुवर्षं एकाच जागी उभी होती, तिथं बोट खड्ड्यात गेलं. त्याच्यापुढं दुसरा खड्डा, मग तिसरा. देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखी एक पट्टी बॉयलरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी ती एकच जागा होती. पाणी भरून ठेवलं असतं किंवा सगळं काढून सुकवलं असतं, तर ती जागा झालीच नसती.

त्यानं हात काढला. बाहेरून त्या पट्टीवर हातोडी वाजवली. वर खण्ण, खाली खण्ण. पट्टीवर कुठं खण्ण, कुठं मडकं वाजवावं तसा बद्द आवाज.

"किती खाल्लं?" फुलसिंगनं विचारलं.

"आतून दिसत नाई. हातानं कळते तेवढं कळलं."

पाणी दाबून बॉयलर तपासायचा पंप अकोल्याला होता. तो सोमवारच्या आत येणं शक्य नव्हतं. फुलसिंगनं थोडा वेळ पट्टीवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आग नको लावू. माह्या भट्टीवरून नळी आनतो. थोडीशी वाफ याच्या पोटात सोडू, शिटीपुरती. चिमणीखाली चार गोवऱ्या जाळू, धूर बी दिसन. बायाले काय समजते? एक शिटी वाजली का काम झालं."

"शिटीपुरती वाफ धरन काय हे?"

"धरन."

"कशावरून?"

"तू म्हन, कशावरून नाई धरनार?"

पुंजाजीनं पट्टीवर पुन्हा हातोडी मारली. थोड्या वाफेला धरेलही. धरलं नाही तर पत्रा त्या रेघेवर फाटेल, आणि फाटलेल्या बॉयलरसमोर उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं ते त्यानं लाइनीवर एकदा पाहिलं होतं. दोन्ही सारख्याच खऱ्या गोष्टी होत्या आणि हातोडी त्यांतली एकही ठरवून देत नव्हती.

घरी प्रयागबाईनं भाकर वाढली. तो हात बघत बसला. तांबडा रंग नखांत गेला होता.

"म्याच खाल्लं वं त्याले," तो म्हणाला. "पानी पाजू पाजू."

प्रयागबाई त्याची बायको. नवऱ्याचं फडकं, तेल आणि कावड यांच्यासोबत तिनं संसार केला होता. "जनावराले बी पानी पाजतो आपन," ती म्हणाली. "तुमाले कोनं सांगतलं होतं का नको पाजू म्हनून?"

"कोनं नाई."

"मंग आता त्या रंगूबाईपाशी जा. ते म्हनन तं राहीन, ते म्हनन तं जाईन. शेटजीच्या हातात काई नाई राह्यलं."

रविवारी दुपारी तो रंगूबाईच्या दारात गेला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं होतं. शब्द माझा चुकला, मुर्दा म्हणू नका, आहे तसं उभं राहू द्या, एवढंच. रंगूबाई अंगणात तूर पाखडत होती. तुळसाबाई भिंतीला टेकून बसली होती, बांधलेला हात मांडीवर होता.

"या, भाऊ," रंगूबाई म्हणाली. "उद्या वाजते ना शिटी?"

तो उत्तर देणार तोच तुळसाबाई म्हणाली, "मी बी येनार हाय उद्या. मामी म्हनते घरीच राह्य, पन मी येनार. अगदी जवळ उभी राहीन. ह्या हातानं त्याले शिवीन अन् पाहीन, गरम झालं का नाई." तिनं चांगला हात पुढं करून दाखवला.

पुंजाजी ठरवलेलं विसरला. तो खाली बसला.

"उद्या शिटी नाई वाजत, बाई," तो म्हणाला. "पेटवता येत नाई त्याले. आतून खाल्लं हाय. पेटवलं तं फुटन, नाई तं नाई बी फुटनार. मले सांगता येत नाई. पन तुले त्याच्याजवळ उभं नाई करू शकत मी."

रंगूबाईचं सूप थांबलं. "कोनं खाल्लं?"

"पान्यानं. मीच भरत होतो."

"म्हंजे खराच मुर्दा हाय."

"होय."

पुंजाजीला वाटलं, खरं सांगितल्यावर तिचं मन वळेल. रंगूबाईनं सुपातला खडा वेचून फेकला.

"मंग उचला," ती म्हणाली. "इतके साल ठेवला थोच लय झाला. अन् भाऊ, फाटकात नका फोडू त्याले. नेऊन फोडा."

शेटजींना त्यानं सोमवारी सकाळी सांगितलं. शेटजी रागावले नाहीत, ते त्याला जास्त जड गेलं. "फुलसिंग म्हनते का शिटीपुरतं होऊन जाईन," एवढंच ते म्हणाले.

"होईन बी."

"मंग?"

"मी नाई करत, शेटजी. दुसऱ्या कोनाले करू बी देनार नाई."

शेटजींनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी घातली आणि अकोल्याला माणूस पाठवला.

ठेंगूला स्टेशनच्या कडेला न्यायचं ठरलं. इंझोरीच्या गाडीवाल्यांनी बैल द्यायला नकार दिला. मुर्द्याला बैल जुंपत नाहीत, ते म्हणाले. मग जिनाचे हमाल लागले. ओट्यासमोर मातीचा उतार केला, पुढं रूळ टाकले, आणि इंजिन गेलं की मागचे रूळ उचलून पुन्हा पुढं आणून टाकले. उतारावर ओढायचं नसतं, धरायचं असतं. पुंजाजीनं मागच्या बाजूला दोर दिला आणि सगळ्यांत जड माणसं तिथं उभी केली. सपाटीवर आल्यावर त्यांनाच पुढं आणलं. दोरानं तळहात सोलले. एका रुळाच्या लांबीला एक चिलीम ओढून व्हावी इतका वेळ लागत होता.

"आगटं कोन धरते, पुंजाजी?" फुलसिंगनं धापा टाकत विचारलं. प्रेतापुढं विस्तवाचं मडकं धरतात, ते आगटं. हमाल हसले.

"दोर धर," पुंजाजी म्हणाला.

बाया डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला उभ्या होत्या. ठेंगू फाटकाबाहेर गेला तसा रंगूबाईनं शेणाचा सडा टाकला, ओटाही धुवून काढला. शेवटचं चाक रस्त्यावर पोचलं नव्हतं तोच बाया आत गेल्या. थोड्या वेळानं भट्टीचा धूर निघाला आणि रेच्यांचा आवाज सुरू झाला. तुळसाबाई आली नव्हती.

अकोल्याच्या माणसांनी स्टेशनाशेजारी घणानं काम सुरू केलं. पुंजाजीला जायची गरज नव्हती, तरी तो गेला. आधी त्यांना अडवून त्यानं पितळी घुमट आणि शिटी बोल्ट खोलून नीट उतरवून दिली, कारण ते लोक घण घालून काढणार होते. ती वेगळी विकली जाणार होती की वितळणार होती, हे त्यानं विचारलं नाही. मग बॉयलरवर घाव बसू लागले. तो सहज फुटला नाही. एकेका जागेवर दोन दोन माणसं आळीपाळीनं घाव घालत होती.

दुपारी फुलसिंग आला. फुटलेला एक तुकडा उचलून त्यानं कड पाहिली. कड बोटाएवढी जाड होती, आत लोखंड चांदीसारखं चमकत होतं.

"पाह्य," तो म्हणाला. "पक्कं होतं. शिटीपुरतं नक्की चाललं असतं."

पुंजाजीनं तुकडा हातात घेतला. तो वरच्या बाजूचा होता की खालच्या, ते सांगता येत नव्हतं. तो ढिगाशी वाकला आणि रेघ असलेले तुकडे शोधू लागला. एक सापडला. त्यातले खड्डे खोल होते, पण त्यांच्या मागं अजून चांगला पत्रा उरला होता. दुसरा सापडला, त्याची कड नखाएवढी उरली होती. तिसरा जाड. बद्द आवाजाची जागा कोणत्या तुकड्यात गेली हे त्याला ओळखू येईना. निम्मा ढीग तोवर डब्यात चढला होता.

"ओ बुढ्या, हट," घणवाला म्हणाला. "पाय जाईन."

तो हटला.

घरी प्रयागबाईनं पाणी दिलं. "कसं निघालं?" तिनं विचारलं.

"कुठं जाड, कुठं पातळ."

"म्हंजे वाजली असती का नाई शिटी?"

पुंजाजीनं हात धुतले, नखं घासली, पुन्हा धुतले.

"ठाव नाई," तो म्हणाला.